पडद्यावरच्या ग्रहाचा पत्ता कसा काढावा

१९७९ साली आलेल्या ‘एलियन’ या चित्रपटात नॉस्ट्रोमो नावाचे यान ज्या अंधाऱ्या, वादळी गोलावर उतरते, तो गोल आकाशात नेमका कुठे आहे, यावर विज्ञानपटांचे चाहते आजही हिरिरीने वाद घालतात. काहींच्या मते तो झीटा रेटिक्युली या जोडताऱ्यापाशी, पृथ्वीपासून ३९ प्रकाशवर्षांवर आहे. काहींच्या मते चित्रपटात तसे कुठेही स्पष्ट म्हटलेले नाही. आणि त्याच कथामालिकेतल्या २०१२ च्या ‘प्रोमिथियस’नंतर तर एलव्ही-४२६ (‘एलियन’मधला गोल) आणि एलव्ही-२२३ (‘प्रोमिथियस’मधला गोल) हे दोन गोल आहेत की एकच, इथूनच वादाला तोंड फुटते. मी स्वतः या वादांत बरीच वर्षे रमलो आहे आणि त्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हे वाद माहितीच्या अभावी अडत नाहीत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रतीचे पुरावे एकाच पारड्यात टाकतात, म्हणून ते अडतात. पात्राच्या तोंडचे वाक्य, पडद्यावर उमटलेला मजकूर, कादंबरीचे परिशिष्ट आणि दिग्दर्शकाची मुलाखत यांचे वजन सारखे नसते. प्रत्येक पुरावा कुठून आला हे त्याच्या शेजारी लिहून ठेवले, तर निम्मे वाद तिथेच मिटतात आणि उरलेला निम्मा भाग खरोखर वाद घालण्याजोगा असतो. ते काम कसे करावे, हे मी पुढे उदाहरणांसह मांडतो आहे.

सुरुवात वहीपासून

एखाद्या काल्पनिक जगाचा पत्ता काढायला बसाल, तेव्हा आधी आठवणीवर विसंबणे सोडा. चित्रपट पुन्हा पाहा आणि हाताशी वही ठेवा. पानावर चार रकाने आखा: प्रसंगाची वेळ, बोलणारे पात्र किंवा मजकूर कुठे दिसला ते, नेमके शब्द, आणि त्या शब्दांवरून आपण काढलेला अर्थ. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणे हाच या वहीचा प्राण आहे, कारण नेमके शब्द आणि आपला अर्थ हे कालांतराने एकमेकांत इतके मिसळतात की आपण जे ऐकलेच नाही ते ऐकल्याची खात्री वाटू लागते.

‘एलियन’चेच घ्या. सुरुवातीला पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरात यानाचे नाव, सात जणांचे पथक, दोन कोटी टन खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना हा माल आणि पृथ्वीकडे परतीचा मार्ग एवढीच माहिती आहे. तारा किंवा ग्रह यांचा उल्लेख नाही. नाव येते ते पुढे, पथक झोपेतून जागे झाल्यावर. आपण पृथ्वीजवळ नाही हे ध्यानात आल्यावर लॅम्बर्ट ही दिशादर्शक सांगते की आपण झीटा-२ रेटिक्युलीच्या (त्या जोडताऱ्यातल्या एका ताऱ्याच्या) जरा अलीकडे आहोत आणि बाहेरच्या कडेपर्यंतही अजून पोहोचलेलो नाही.

माझ्या जुन्या वहीत या प्रसंगासमोर मी ‘स्थळ: झीटा-२ रेटिक्युली’ एवढेच लिहिले होते. मी पाहिलेल्या प्रतीच्या सबटायटलमध्ये ‘जरा अलीकडे’ हे शब्द गाळलेले होते आणि मीही कान देऊन ऐकले नव्हते. त्या एका नोंदीच्या बळावर मी कित्येक वर्षे ठामपणे सांगत राहिलो की तो गोल झीटा-२ भोवतीच फिरतो. पुढे एका मित्राने तोच प्रसंग आवाज वाढवून मला दोनदा ऐकवला, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक तर यान त्या ताऱ्यापाशी पोहोचलेलेच नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: लॅम्बर्ट यानाची जागा सांगते आहे, गोलाची नव्हे. गोलाचा शोध तर त्यानंतर लागतो. म्हणून सबटायटलवर विसंबू नका, मूळ संवाद ऐका, आणि वाक्यातला कर्ता कोण आहे हे प्रत्येक वेळी तपासा. पत्ता यानाचा आहे, संदेशाचा आहे, की त्या जगाचा आहे?

पुराव्याची प्रत ठरवताना

माझ्या मते चित्रपटाबद्दलच्या वादात पहिला मान चित्रपटातच दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींना दिला पाहिजे. त्याच्या खाली त्याच चित्रपटाच्या इतर आवृत्त्या येतात, त्यानंतर पटकथा, तिच्यावरून लिहिलेली कादंबरी आणि प्रसिद्धीसाठी काढलेले अधिकृत साहित्य, आणि सर्वांत शेवटी निर्मात्या मंडळींनी नंतर दिलेली स्पष्टीकरणे. हा क्रम सर्वांना मान्य असेलच असे नाही. काही चाहते दिग्दर्शकाच्या शब्दाला सर्वांत वर ठेवतात. तसे करायला माझी हरकत नाही, फक्त वाद सुरू होण्यापूर्वी तो क्रम उघडपणे सांगितला पाहिजे आणि मध्येच बदलता कामा नये.

आवृत्त्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो पुष्कळ घोटाळे करतो. १९६६ मधल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात स्पॉक हे पात्र स्पष्ट सांगते की त्याच्या व्हल्कन या ग्रहाला चंद्र नाही. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मात्र व्हल्कनच्या आकाशात प्रचंड गोल लटकलेले दिसतात आणि २००१ मध्ये निघालेल्या दिग्दर्शकीय आवृत्तीत ते काढून टाकलेले आहेत. एकाने जुनी प्रत पाहिलेली असेल आणि दुसऱ्याने नवी, तर दोघेही खरे बोलत असूनही भांडत राहतील. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर प्रतीचे वर्ष आणि आवृत्ती लिहिण्याची सवय लावून घ्या.

कादंबरीतला पत्ता चित्रपटाला लागू करताना तर विशेष जपले पाहिजे. ‘ड्यून’मधला अराकिस हा वाळवंटी ग्रह कॅनोपस ताऱ्याचा तिसरा ग्रह आहे, हे १९६५ च्या मूळ कादंबरीच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत लिहिलेले आहे. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव ज्या ताऱ्याला आपल्याकडे आहे, त्याच ताऱ्याभोवती लेखकाने थेंबाथेंबाला तहानलेला ग्रह ठेवावा, हा योगायोग मला फार आवडतो. पण योगायोगाला पुरावा म्हणून मांडायचे नसते. खरी अडचण निराळी आहे. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचा राक्षसी तारा आहे आणि असे तारे काही कोटी वर्षांतच आपले आयुष्य संपवतात. पृथ्वीवर गुंतागुंतीचे जीव घडायला अब्जावधी वर्षे लागली. मग अराकिसवरचे महाकाय वाळूकिडे तिथेच उत्क्रांत झाले असे म्हणता येईल का, की ते बाहेरून आणलेले असले पाहिजेत? ‘पत्ता चुकीचा आहे’ असे म्हणून मोकळे होण्यापेक्षा या प्रश्नावरचा वाद कितीतरी रसाळ होतो.

पात्राच्या तोंडचा शब्द आणि पडद्यावरचा मजकूर यांच्यात विरोध आला, तर मी मजकुराच्या बाजूने झुकतो. माणसे बोलण्याच्या भरात ढोबळ बोलतात. यंत्रावर दिसणारा आकडा सहसा जाणूनबुजून लिहिलेला असतो. ‘प्रोमिथियस’मध्ये विकर्स ही अधिकारी रागाच्या भरात म्हणते की आपण पृथ्वीवरच्या माणसांपासून अर्धा अब्ज मैल दूर आलो आहोत. अर्धा अब्ज मैल म्हणजे ५० कोटी मैल, म्हणजेच सुमारे ८० कोटी किलोमीटर. सूर्यापासून गुरूचे सरासरी अंतर ७७.८ कोटी किलोमीटर आहे. हे वाक्य शब्दशः धरले तर सगळी कथा गुरूच्या कक्षेच्या जरा पलीकडे घडते असे मानावे लागेल, आणि त्याच चित्रपटातला पडद्यावरचा मजकूर ते साफ खोडून काढतो.

आकड्यांशी झटापट

तो मजकूर वादाच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे. यान प्रवासात असताना पडद्यावर २१ डिसेंबर २०९३ ही तारीख येते, गंतव्य उघड केलेले नाही असे लिहिलेले दिसते आणि पृथ्वीपासूनचे अंतर दिलेले असते ३.२७ गुणिले दहाचा चौदावा घात, इतके किलोमीटर. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या मोजणीत तो ३२७ लाख कोटी किलोमीटर होतो, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ३२७ ला ९.४६ ने भागा: उत्तर येते जवळपास ३४.६ प्रकाशवर्षे.

आता झीटा रेटिक्युलीचे अंतर पाहू. आजच्या मोजमापांनुसार ते सुमारे ३९.३ प्रकाशवर्षे आहे. पावणेपाच प्रकाशवर्षांची तफावत आली. एलव्ही-२२३ हा झीटा रेटिक्युलीपाशीच आहे असे मानणारे चाहते यावर सांगतात की मजकूर दिसतो तेव्हा यान वाटेतच आहे, उरलेले अंतर पुढे कापायचे आहे. उत्तर वरवर चोख आहे. पण वहीतल्या पुढच्या नोंदी उघडल्या की ते डळमळते. यानाला किती काळ लागला, याचे उत्तर डेव्हिड हा यंत्रमानव देतो: दोन वर्षे, चार महिने, अठरा दिवस आणि वर काही तास. म्हणजे सुमारे २.४ वर्षे. ३९.३ प्रकाशवर्षे इतक्या काळात कापायची तर सरासरी वेग प्रकाशाच्या साधारण साडेसोळा पट हवा, आणि त्या वेगाने पावणेपाच प्रकाशवर्षे कापायला साडेतीन महिने लागतील. चित्रपटात मात्र मजकुराची तारीख २१ डिसेंबर आहे, जागे झाल्यावर कप्तान नाताळचे झाड सजवताना दिसतो, आणि सगळे घडून गेल्यावर शॉ ही शास्त्रज्ञ आपली शेवटची नोंद २०९४ च्या नववर्षदिनी करते. साडेतीन महिन्यांना जागाच उरत नाही. उरलेल्या दोन-चार दिवसांत यान फार तर पाव प्रकाशवर्ष पुढे गेले असेल.

म्हणून माझे मत असे: केवळ चित्रपटाच्या आधारावर बोलायचे तर एलव्ही-२२३ पृथ्वीपासून साधारण ३५ प्रकाशवर्षांवर आहे, आणि झीटा रेटिक्युली हा त्याचा पत्ता म्हणून सिद्ध होत नाही. शेवटच्या टप्प्यात यानाचा वेग अफाट वाढला असे कोणी म्हणू शकेल, पण तसे दाखवणारी एकही नोंद माझ्या वहीत नाही.

प्रवासाच्या काळावरून अंतर काढण्याची ही रीत उपयोगी आहे, मात्र ती एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटात नेताना सावध राहा. ‘एलियन’मध्ये तो गोल सोडल्यावर पृथ्वी दहा महिन्यांवर आहे असे लॅम्बर्ट सांगते. अंतर ३९.३ प्रकाशवर्षे धरले तर सरासरी वेग प्रकाशाच्या ४७ पट होतो, तोही एक अख्खा कारखाना ओढत नेणाऱ्या यानाचा. १९८६ च्या ‘एलियन्स’ या पुढच्या भागात हिक्स हा सैनिक म्हणतो की आपली खबर न मिळाल्यास मदत यायला सतरा दिवस लागतील. ती मदत थेट पृथ्वीवरून निघते असे समजले, तर वेग प्रकाशाच्या सुमारे ८४५ पट भरतो. इथे उत्साही चाहते यानांच्या तंत्रज्ञानाचा इतिहास रचायला घेतात. त्याआधी साधा प्रश्न विचारावा: मदत पृथ्वीवरूनच निघणार असे हिक्सने म्हटले आहे का? तसे त्याने म्हटलेले नाही. जवळच्या एखाद्या तळावरून ती निघत असेल, तर या आकड्यातून अंतर निघतच नाही. जो आकडा दोन अज्ञात गोष्टींवर अवलंबून आहे, त्याला वहीत प्रश्नचिन्ह जोडून ठेवा.

याउलट ‘अवतार’ मधल्या पँडोराचा हिशेब सरळ जुळतो. अधिकृत साहित्यानुसार पँडोरा हा अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपल्या मित्र ताऱ्याच्या परिवारातला एका महाकाय वायुग्रहाचा उपग्रह आहे. अंतर सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे. नायक जेक तिथवरच्या प्रवासात पाच वर्षे, नऊ महिने आणि बावीस दिवस झोपलेला होता. सरासरी वेग प्रकाशाच्या तीन-चतुर्थांश निघतो. घड्याळ यानावरचे धरायचे की पृथ्वीवरचे, हा बारीक प्रश्न उरतो, पण पत्त्याला धक्का बसत नाही.

पुन्हा नॉस्ट्रोमोकडे येऊ, कारण तिथे एक पुरावा बहुतेक वादांत विसरला जातो. संदेशाचा उगम सापडल्यावर लॅम्बर्ट त्याचे सहनिर्देशक वाचून दाखवते: विषुवांश ६ मिनिटे ३२ सेकंद, क्रांती उणे ३९ अंश २ सेकंद. खगोलशास्त्रात या दोन आकड्यांनी आकाशातली दिशा ठरते. झीटा रेटिक्युलीचा विषुवांश सुमारे ३ तास १८ मिनिटे आणि क्रांती सुमारे उणे ६२.५ अंश आहे. नुसत्या क्रांतीतच तेवीस अंशांहून अधिक फरक पडतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहता ही आकाशातली दोन पूर्णपणे वेगळी ठिकाणे झाली. यावरून काही जण झीटा रेटिक्युली रद्दच करतात. मला तसे करणे घाईचे वाटते. लॅम्बर्ट त्या क्षणी यानातून संदेशाची दिशा शोधते आहे, आणि पृथ्वीपासून इतक्या दूर असलेल्या यानाला पृथ्वीच्या विषुववृत्ताशी बांधलेली मोजणी आसपासचा गोल शोधायला निरुपयोगी आहे. ते आकडे यानाच्या स्वतःच्या संदर्भचौकटीतले आहेत असे मानणे प्रसंगाला अधिक साजते. मग त्यांतून पृथ्वीपासूनचा पत्ता काही मिळत नाही, आणि ते कबूल करावे लागते.

त्याच संवादात गोलाचा आकारही येतो: बाराशे किलोमीटर, आणि गुरुत्व पृथ्वीच्या ०.८६ पट. हे तपासायची युक्ती सोपी आहे. गोलाच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व त्याची सरासरी घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर आणि सरासरी घनता घन सेंटिमीटरला ५.५ ग्रॅम आहे. बाराशे हा व्यास धरला तर त्रिज्या सहाशे, ५.५ ला ०.८६ ने गुणून, मग ६३७१ ने गुणून सहाशेने भागा, म्हणजे घनता सुमारे ५० येते. बाराशे ही त्रिज्या धरली तरी ती २५ होते. ऑस्मियम या सर्वांत दाट मूलद्रव्याची घनता २२.६ आहे. म्हणजे इतका छोटा आणि इतका जड गोल कोणत्याही नेहमीच्या धातू-दगडाचा असू शकत नाही. या हिशेबातून पत्ता सापडत नाही, पण एक गोष्ट शिकायला मिळते: याच संवादातले सहनिर्देशक दशांशापर्यंत खरे धरून कोणी हट्ट करत असेल, तर शेजारच्याच वाक्यातले हे आकडे त्याच्यासमोर नम्रपणे ठेवावेत.

एका नावाची दोन गावे

आपल्याकडे एकाच नावाची गावे तालुक्यातालुक्यांत सापडतात. पत्र लिहिताना तालुका आणि जिल्हा लिहावा लागतो तो त्यासाठीच. काल्पनिक जगांतही हे घडते. १९६६ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये डेल्टा व्हेगा हा आकाशगंगेच्या कडेजवळचा निर्जन ग्रह आहे. २००९ च्या चित्रपटात त्याच नावाच्या हिमाच्छादित जगावर उभा राहून वृद्ध स्पॉक आकाशात व्हल्कनचा नाश डोळ्यांनी पाहतो. इथे कोनाचा नियम लावा. पृथ्वीवरून चंद्र जेवढा दिसतो, तेवढी एखादी वस्तू दिसायला ती आपल्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावर असावी लागते. व्हल्कन पृथ्वीएवढा, म्हणजे सुमारे १२,७४२ किलोमीटर व्यासाचा मानला, तर चंद्राएवढा दिसण्यासाठी तो १४ लाख किलोमीटरवर हवा, आणि चंद्राहून मोठा दिसत असेल तर त्याहूनही जवळ. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास अंतर असते. म्हणजे हा डेल्टा व्हेगा व्हल्कनच्या अगदी अंगणातला आहे आणि जुन्या मालिकेतल्या ग्रहाशी त्याचे नावापलीकडे काहीही जुळत नाही. दोन वेगळी जगे मानणे हाच मला प्रामाणिक मार्ग दिसतो, जरी त्यामुळे ‘व्हल्कनला चंद्र नाही’ या वाक्याची पंचाईत होते.

उलटी चूकही तितकीच होते. एलव्ही-४२६ आणि एलव्ही-२२३ यांच्या नावांची सुरुवात सारखी आहे, एवढ्यावरून ते एकाच ताऱ्याभोवती आहेत असे कित्येक जण गृहीत धरतात. क्रमांक हा यादीतला असतो, पत्त्यातला नव्हे. हे दोन्ही एकच गोल आहेत असे म्हणणाऱ्यांना मात्र चित्रपटच उत्तर देतो: ‘एलियन’मध्ये परक्या यानाचा चालक आपल्या आसनातच अश्मीभूत झालेला सापडतो, तर ‘प्रोमिथियस’मधला चालक यान कोसळल्यावर बाहेर पडतो आणि दुसरीकडे मरतो. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनीही हे दोन वेगळे गोल असल्याचे सांगितले आहे, पण इथे त्यांच्या साक्षीची गरजच पडत नाही.

ज्या कथा आपल्या आकाशाशी नाते सांगतच नाहीत, त्यांना वरची मोजपट्टी लावू नका. ‘स्टार वॉर्स’ दूरच्या वेगळ्या दीर्घिकेत घडते, त्यामुळे त्यातला टॅटुइन हा ग्रह कोणत्या ताऱ्याजवळ आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे विचारायचा तो परस्परांतील अंतराचा प्रश्न. १९८० च्या चित्रपटात अतिवेगाचे यंत्र बिघडलेले असताना मिलेनियम फाल्कन हे यान होथ ग्रहाच्या परिसरातून बेस्पिन ग्रहाला कसे पोहोचले, हा त्यातला सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत चांगला.

एक वाद कसा सुटला

व्हल्कनचा तारा कोणता, यावर चाहत्यांत दोन तट होते. काहींचा कौल एप्सिलॉन एरिडानीला होता, तर १९६८ मध्ये जेम्स ब्लिश यांनी मालिकेवरून लिहिलेल्या पुस्तकात ४० एरिडानीचे नाव आले होते. १९९१ मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले तीन खगोलशास्त्रज्ञ यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात एक पत्र प्रसिद्ध केले. त्यांचा युक्तिवाद मी नव्या चाहत्यांना नेहमी वाचायला सांगतो, कारण त्यात अधिकाराचा जोर न लावता कारण दिलेले आहे. ताऱ्यांच्या चुंबकीय हालचालींच्या दीर्घ निरीक्षणांवरून एप्सिलॉन एरिडानीचे वय सुमारे १०० कोटी वर्षे निघते आणि ४० एरिडानीचे सुमारे ४०० कोटी. स्पॉकच्या पूर्वजांसारखी प्राचीन, प्रगत जमात घडायला पहिला तारा फारच तरुण आहे. शिवाय ४० एरिडानी ही त्रयी आहे: मुख्य नारिंगी तारा, एक श्वेत बटू आणि एक लाल बटू, त्यामुळे व्हल्कनच्या आकाशात दोन सोबती लखलखताना दिसतील.

या गोष्टीला पुढे एक वळण लागले. २०१८ मध्ये त्याच ताऱ्याभोवती सुमारे ४२ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह सापडल्याची बातमी आली आणि चाहत्यांनी आनंदाने व्हल्कन सापडल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये अधिक काटेकोर निरीक्षणांतून दिसले की तो संकेत ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या हालचालींचा होता. मलाही वाईट वाटले. पण खऱ्या खगोलशास्त्रातला शोध मागे घेतला गेला म्हणून काल्पनिक पत्ता बदलत नाही, आणि तो शोध लागला म्हणून तो पत्ता अधिक खराही झाला नव्हता. या दोन गोष्टी वहीत वेगळ्या पानांवर ठेवा.

आपला दावा लिहिताना

दावा लिहाल तेव्हा एक ठिपका न देता पल्ला द्या आणि त्याच वाक्यात पुराव्याची प्रत सांगा. एलव्ही-२२३ बद्दल मी असे लिहितो: ‘चित्रपटातील मजकूर व तारखांनुसार अंतर ३४.५ ते ३५ प्रकाशवर्षे. ताऱ्याचे नाव चित्रपटाच्या मजकुरात नाही.’ एलव्ही-४२६ बद्दल: ‘१९७९ च्या चित्रपटातील संवादानुसार झीटा-२ रेटिक्युलीच्या अलीकडील परिसरात, नेमका तारा अनिर्णित.’ अशा वाक्याला विरोध करायचा असेल, तर समोरच्याला वेगळी नोंद दाखवावी लागते, आणि तिथे वाद खऱ्या अर्थाने पुढे सरकतो. आपल्या विरोधात जाणारी नोंद स्वतःच आधी मांडा. माझ्या अनुभवात समोरचा माणूस त्यानंतर आवाज चढवत नाही, आपली वही काढतो.

कागदावरचे काम झाले की हे तारे प्रत्यक्ष पाहा. डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृगातल्या राजन्य ताऱ्यापासून पश्चिमेला साधारण पंधरा अंशांवर ४० एरिडानी आहे. गावाकडच्या अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच रात्री थोड्या उशिरा अगस्त्य दक्षिणेला झळकतो आणि तो शोधावा लागतच नाही. झीटा रेटिक्युली मात्र कसोटी पाहतो. मुंबईहून तो क्षितिजाच्या जेमतेम साडेआठ अंश वर येतो, नागपुराहून सहाच्या आसपास, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून अकरा अंशांच्या थोडा वर. डिसेंबरअखेर तो रात्री नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेला समुद्रकिनारा गाठा, दुर्बीण स्थिर ठेवा, आणि पाण्यावरची धुरकट पट्टी ओलांडून वर पाहा: हवा स्वच्छ असेल तर एकमेकांना खेटून असलेले दोन फिकट, पिवळसर ठिपके दिसतात. लॅम्बर्टने नाव घेतले ते त्यांतल्या किंचित तेजस्वी ठिपक्याचे.